भाईचा सांगकाम्या

मिठबावच्या सड्यावर, त्या उंच कातळपठारावर, ज्याची हापूसची कलमं आहेत, त्याच्या मानेला एक वेगळाच ताठा असतो, आणि भाईच्या मानेला तर तो जरा जास्तच होता. कागदावर नाव सत्यवान. ठेवणाऱ्याला काय स्वप्न पडलं होतं देव जाणे! गाव त्याला भाई म्हणे. बाप गेल्यावर बाग त्याच्या हाताखाली आली. हाताखाली, बरं का, नावावर नव्हे. मरायच्या आधी बापानं दोन्ही मुलांना खाटेशी बसवून सांगितलं होतं, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडची कलमं भाईची आणि पलीकडची धाकट्याची. पलीकडची म्हणजे दर्याच्या अंगाची. तिथं मोहर आधी येतो आणि हंगामाचा पहिला आंबा तिथूनच मुंबईला जातो. भाईनं बापासमोर मान डोलावली आणि मनात म्हणाला, बघू.

धाकटा म्हणजे जितेंद्र, सगळ्यांचा जितू. हा अगदी उलट्या काळजाचा... चुकलो, उलट्या काळजाचा तो भाई. जितू उलट्या तोंडाचा. काहीही सांगा, आधी कशाला ते विचारणार, "कित्याक?" भाई म्हणाला चिरे उचल, की हा, कित्याक? भाई म्हणाला पलीकडचा आंबा यंदा माझ्याच पेट्यांतून जाऊ दे, की हा, कित्याक? त्या एका शब्दानं भाईचं डोकं उठायचं. जितूची बायको रसिका, शिरोड्याची, ती मात्र हसून सांगे, "ह्या माणसाक कोणाक फसवूक जमाचा नाय, इतक्याच बघून मी लग्नाक हो म्हटलंय."

तर एका वैशाखात जितू शेंड्याचा आंबा काढायला चढला आणि फांदी मोडली. खाली बागेच्या कुंपणाचा गडगा होता, जांभ्या चिऱ्यांचा. डोकं त्याच्यावर आपटलं. रक्त म्हणावं तर फार नाही, पण डोळे मिटले ते मिटलेच. गोव्याच्या इस्पितळात नेला, तिथं किती तरी दिवस तो नुसता श्वास घेत पडून होता. मग डोळे उघडले, मग उठून बसला, आणि शेवटी आपल्या पायांनी चालत घरी आला. गावानं म्हटलं, देव पावला.

घरी आला आणि पडवीत बसला. बसला तो बसला. रसिकानं ताट वाढलं, हा ताटाकडे बघत राहिला. "जेवा," ती म्हणाली, तेव्हा जेवायला लागला. ताट रिकामं झालं तरी हात ताटातून तोंडाकडे चालूच. "पुरे," म्हटलं तेव्हा थांबला. ओठावर माशी बसली तर बसू दिली. ऊन सरकत अंगावर आलं तर येऊ दिलं. ऊठ म्हटलं की उठे, आंघोळ कर म्हटलं की डोक्यावर पाणी ओतायला लागे आणि विहीर आटली असती तरी आपणहून थांबला नसता. विचाराल त्याचं उत्तर बरोबर देई. सगळ्यांची नावं ठाऊक, बाजारभाव ठाऊक, कुठल्या कलमाला कधी कीड लागली ते ठाऊक. पण स्वतःहून एक अक्षर नाही. रसिका पहिले काही दिवस रडली, मग रडायचं थांबवून त्याला गोव्याला परत न्यायच्या मागे लागली. गाडी भाईची, म्हणून भाईही गेला.

तिथली डॉक्टरीण मराठी बोलणारी होती आणि घाईची नव्हती. ती म्हणाली, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीकशी फट असते. त्या फटीतून त्या एकमेकींना निरोप पाठवतात, आणि हे निरोप म्हणजे रसायनं. यांचं डोकं आपटलं तेव्हा त्यातल्या एका रसायनाचा, ग्लुटामेटचा, एकदम पूर आला. सगळ्या पेशी एकाच वेळी ओरडायला लागल्या म्हणा ना. त्या आरडाओरड्यात कित्येक पेशी मेल्या."

"आणि आता?" रसिकानं विचारलं.

"आता पूर ओसरलाय, पण दुसऱ्या एका रसायनाच्या वाटा त्यात तुटल्या. डोपामिन म्हणतात त्याला. माणसाला काहीतरी हवं असं वाटतं, नको असं वाटतं, उठावं, मागावं, भांडावं असं वाटतं, ते बरंचसं त्याच्या जिवावर. यांना सगळं दिसतं, कळतं, लक्षातही राहतं. फक्त आतून धक्का मिळत नाही. दुसऱ्यानं धक्का दिला की चालतात."

भाई खुर्चीत पुढे सरकला. तो एकदम म्हणाला, "म्हणजे बाई, झाड हिरवंगार आहे, पालवी भरपूर आहे, पण मोहरच धरत नाही, तसं?"

डॉक्टरीण खूश झाली. "अगदी तसं. मग तुम्ही अशा झाडाला काय करता?"

"बुंध्याशी आळं करून औषध ओततो. मोहराचं."

"मीही तेच करणार आहे," ती म्हणाली आणि तिनं गोळ्या लिहून दिल्या. रोजच्या रोज द्यायच्या, मध्येच बंद करायच्या नाहीत. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण आला तर हळूहळू येईल.

आता बोला! हा माणूस न कळून काही करता तर गोष्ट वेगळी. पण त्या खोलीत सगळ्यांत आधी कळलं ते भाईला.

गुण आला. थोडे दिवस गेले आणि एका सकाळी जितू चहाचा घोट घेऊन म्हणाला, "साखर कमी आसा." कोणी विचारलं नव्हतं. रसिकाच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिनं मूठभर साखर त्या चहात ओतली, आणि शेजारच्या राधाबाईंच्या दारात जाऊन हसत हसत रडली. मग रोज काहीतरी नवीन. आज डास मारला, उद्या बांगड्याचं कालवण मागितलं. एके दिवशी रसिकाच्या केसांत अबोली माळली होती, तिच्याकडे बघून म्हणाला, "बरी दिसतंस." भाई हे सगळं बघत होता आणि तोंडानं "बरा झाला, बरा झाला" म्हणत होता. खोटं कशाला बोला, त्यालाही प्रथम बरंच वाटलं असेल. भाऊ शेवटी पाठचा.

पण मग श्रावणात एकदा दोघं बागेत आळी करत होते आणि जितू कुदळ टेकून उभा राहिला. वहाळाकडे बघत म्हणाला, "भाई, पलीकडची कलमां माझी मां?"

भाईनं आळ्यातली माती ओढली. "मगे रे," तो म्हणाला.

"मगे म्हणजे कधी?"

त्या रात्रीपर्यंत भाईचं ठरलं होतं. भावाला मारावं असं त्याच्या मनात नव्हतं हं! छे छे, इतका वाईट तो नव्हता. त्याला फक्त झाड हिरवं हवं होतं आणि मोहर नको होता.

आता गोळ्या थांबवायच्या कशा? रसिका वाघीण होती, डॉक्टरीणबाईंचा शब्द म्हणजे तिला वेदवाक्य. पण मिठबावात डॉक्टरीणबाईंच्या वर एक जागा आहे, आणि भाईला ती बरोबर ठाऊक. त्यानं देवळात कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. यात सगळी मेख असते प्रश्नात. देवाला तुम्ही जे विचाराल तेवढ्याचंच तो उत्तर देणार, आपणहून वकिली करणार नाही. घरचं माणूस आजारी असलं की गाऱ्हाणं घरच्या वडील पुरुषानं सांगायचं, ही इथली रीत. वडील पुरुष कोण? भाई. रसिका मागं पदर धरून उभी. भाई हात जोडून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या इंग्रजी औषदान माझ्या भावाच्या जिवाक धोको आसात, तर उजवी दी."

आता कुठल्या औषधात धोका नसतो? क्रोसिनमध्येही असतो. पण देवापुढे असा वाद कोण घालणार? गुरव भिकाजीनं पाकळ्या लावल्या, सगळे बघत राहिले, आणि थोड्या वेळानं उजवी पडली. तिला पाणी जास्त लागलं होतं की देवाचं लक्ष नव्हतं, सांगता येत नाही. रसिका पांढरीफटक पडली. गाव साक्षीला होता. भाईनं घरी येऊन गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि खाडीत नेऊन टाकलं. आणि वर तिलाच सांगितलं, "गो, माका काय बरा वाटता? पण देवाचो शब्द."

जितू विझला. पंधरवडा जेमतेम लोटला असेल, पुन्हा पडवीतला ओंडका झाला.

आणि मग भाईला सोन्याचे दिवस आले. बागेत गडी ठेवायचा म्हणजे त्याची मिजास, त्याचा चहा, त्याच्या सुट्ट्या, त्याची तोंडं. जितूला फक्त सांगायचं. चिरे उचल म्हटलं की चिरे उचले, दिवस मावळेपर्यंत. खड्डा मार म्हटलं की मारी. हाताला फोड आले, फुटले, फावड्याचा दांडा लाल झाला, तरी "दुखतंय" हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर येत नसे, कारण तो बाहेर ढकलायला आत कोणी नव्हतं. आश्विनातल्या उन्हात एकदा भाईनं त्याला भर दुपारी कातळावर उभं केलं, वानर हाकलायला. भाई जेवायला घरी आला, जेवला, झोपला. उठल्यावर लक्षात आलं. जाऊन बघतो तर जितू तसाच उभा, तळपायांची कातडी कातळाला लागून सुटलेली. भाईला क्षणभर कसंसंच झालं. मग तो म्हणाला, "चल," आणि जितू त्या पायांनी घरापर्यंत चालत आला.

माणसाला सवय लागते ती अशी. पहिल्यांदा कसंसं होतं, दुसऱ्यांदा होत नाही, तिसऱ्यांदा चार माणसांना बोलावून दाखवावंसं वाटतं.

तिठ्यावरच्या दुकानात भाईची बैठक असे. आंब्याचे दलाल, रिकामटेकडे, सुट्टीवर आलेले चाकरमानी. भाई जितूला बरोबर नेई आणि म्हणे, "काय सांगशात ता करता. बघा." मग सुरू. एका पायावर उभा रव. राहिला. कुत्र्यासारखो भुक. भुंकला. सगळी पोट धरून हसत. एकदा कोणीतरी बरणीतून हिरव्या मिरच्या काढल्या, लवंगी, आणि त्याच्या हातात दिल्या. "खा रे."

जितू खायला लागला. एक, मग दुसरी, मग मूठभर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अंग थरथरतंय, आणि तोंड आपलं चावतंय. एकजण म्हणाला, "पुरे रे आता," पण ते त्या मिरच्या देणाऱ्याला म्हणाला, जितूला नव्हे, त्यामुळे जितू थांबला नाही. भाई फळीवर बसून हसत होता. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून.

रसिका पिठाच्या गिरणीतून येत होती. तिनं डोकीवरचा डबा तिथंच टाकला. "थुका! थुका ता! उघडा तोंड!" जितू थुंकला. तिनं आपल्या बोटांनी त्याच्या तोंडातलं उरलंसुरलं काढलं, आणि मग वळली. "तुमच्या तोंडार शिरा पडो एकेकाच्या! माणूस आसा तो, माकड न्हय! आणि भाई, तुमी? तुमी बसान हसतास?"

"गो, जरा मजा केली," भाई म्हणाला. "तेका खंय काय वाटता?"

रसिकानं जितूचं तोंड पदरानं पुसलं. "सगळा समाजता तेका," ती म्हणाली. "बाईंनी सांगितल्यानी ता तुमी पण ऐकलास."

भाईनं तिला बागेत यायची बंदी केली, आणि तिनं मुकाट्यानं ऐकली. भाईला वाटलं, बरी जिरली. कसली जिरतेय! तिनं शिरोड्याला भावाला, गुरुप्रसादला, फोन केला. त्यानं गोव्याला जाऊन त्या डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि नव्यानं गोळ्या आणल्या. सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, पिशवीत घालून त्या मिठबावला आल्या. रसिका त्या तिरफळांच्या डब्यात ठेवी, कुटून पेजेत घाली, आणि घालण्याआधी देवाच्या दिशेनं हात जोडून म्हणे, "तुका खोटो प्रश्न इचारल्यानी, तुझो दोष नाय. माका क्षमा कर." कौल मोडणं सोपं नव्हतं. पण ती मोडत होती, रोज. आणि जितूला तिनं बजावून ठेवलं होतं, भाईसमोर काही बोलायचं नाही, काही मागायचं नाही, मी सांगेपर्यंत ओंडका राहा. तेवढं त्याला उत्तम जमत होतं.

ती वाट बघत होती ती एकाच गोष्टीची. हा माणूस पहिल्यासारखा तोंड वर करून "माका व्हया" म्हणेल, "माका नको" म्हणेल, मग मी याला गावपंचांसमोर उभा करीन, आणि वहाळापलीकडची कलमं तो स्वतःच्या तोंडानं मागेल. पण यावेळी गुण फार सावकाश येत होता. तो तिच्याशी दोन शब्द बोले, मीठ मागे, आणि पुन्हा गप्प होई. "तुमका काय व्हया?" ती रोज विचारी. तो विचार करी, खूप वेळ करी, आणि मान हलवी.

भाईला काही दिसलं नाही असं नाही. एकदा त्यानं "चिरे उचल" म्हटलं, तर जितू चिऱ्याकडे न बघता आधी त्याच्याकडे बघत उभा राहिला. भाईनं कानफटात मारली. "बहिरो झालंस काय रे मेल्या?" जितू वाकला आणि चिरा उचलला. भाई हात झटकत पुढे गेला आणि विसरून गेला.

पौषात मोहर फुटला. यंदा पलीकडच्या कलमांवर असा की पान दिसेना. आणि मोहराबरोबर तुडतुडा, मोहराचा रस शोषणारा किडा, आला. भाईची झोप उडाली. फवारणी एक दिवस चुकली तर मोहर काळा पडून गळतो, मग वर्षभर बसा कपाळाला हात लावून. तो सकाळी सकाळीच जितूला घेऊन सड्यावर गेला. पिंपात पाणी, पाण्यात औषध. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट ओतलं, कारण भाईचा लिहिलेल्यावर विश्वास नव्हता, आणि काठी सापडेना म्हणून हातानंच ढवळलं. तोंडाला पंचा बांधला होता, तो गरम होतंय म्हणून खाली ओढला. मोबाईल गाडीच्या डिकीत.

या कामाला दोघं लागतात. एकजण पंपाचा दांडा मागेपुढे मारत राहतो, दुसरा लांब बांबूला बांधलेली नळी घेऊन वर फवारतो. नळीला चाप असतो. तो दाबून धरला तरच औषध उडतं, सोडला की बंद. चाप दाबून बोटं दुखतात म्हणून भाई तो सुतळीनं आवळून बांधी. बंद करायचं काम मग दांड्यावरच्या माणसाचं.

"मी थांब म्हणायसर थांबू नको," तो जितूला म्हणाला. "मार!"

जितूनं दांडा मारायला सुरुवात केली. भाई झाडाखाली उभा राहून, मान वर करून फवारत होता. दर्यावरून वारा फिरला आणि फवारा परत त्याच्या तोंडावर यायला लागला. एक कलम झालं, दुसरं झालं. तिसऱ्याशी त्याला डोकं जड वाटलं. उन्हानं असेल. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, थुंकला तरी पुन्हा भरे. मोहर धूसर दिसायला लागला. आणखी दोन कलमं करून पाणी पिऊ, असं म्हणत तो चौथ्याखाली गेला आणि त्याचे गुडघेच गेले.

तो पाठीवर पडला. बांबू त्याच्या छातीवर आडवा पडला, नळीचं तोंड हनुवटीशी. चाप बांधलेला. दांड्याचा आवाज चालूच, कर्र खट, कर्र खट, आणि त्या प्रत्येक आवाजाबरोबर त्याच्या गळ्यावर, तोंडावर, डोळ्यांत औषध उडत होतं. त्यानं बांबू ढकलायला हात उचलला. हात उचलला गेला नाही, नुसता फडफडला. कातडीखाली मांस आपोआप उडत होतं, पोटऱ्यांत, दंडांत, पापण्यांत. हे औषध तुडतुड्याला मारतं ते असंच. एका नसेनं दुसरीला पाठवलेला निरोप काम झालं की पुसला जायला हवा; हे त्याला पुसूच देत नाही. मग हल, हल, हल एवढंच अंगभर ऐकू येत राहतं आणि सगळं अंग हलून हलून लुळं पडतं. तुडतुडा असो की भाई, निरोपाची भाषा तीच.

एक शब्द हवा होता. दोन अक्षरी. भाईनं तोंड उघडलं तर लाळेचा लोट बाहेर आला आणि त्याच्यामागून औषध आत गेलं. त्यानं मान वळवली. पलीकडे जितू दिसत होता, धुरकट, दांडा मारताना, डोळे सरळ त्याच्याकडे. बघतोय! भाईच्या मनात आलं, बघतोय आणि मारतोय, बैलाला सुद्धा कळलं असतं! मग त्याला आठवलं, याला मीच सांगितलंय, आणि मी सांगितल्याशिवाय हा थांबणार नाही. या आयुष्यात भाई कधी घाबरला नव्हता इतका घाबरला. त्यानं बाप आठवला, देव आठवला. छातीत घरघर भरली होती. त्यानं सगळा जीव जिभेवर आणला.

"था... थांब."

दांडा थांबला.

फवारा खाली बसला. मोहरावरच्या माशांची गुणगुण ऐकू यायला लागली. भाई रडत होता, अगदी लहान मुलासारखा. वाचलो, त्याला वाटलं. आता फक्त सांगायचं, उचल, गाडीत घाल, रस्त्यावर जा, हाक मार. एकेक करून सांगू. श्वास मिळाला की सांगू.

त्याच्या कानाशी पाऊल वाजलं. जितू दांडा सोडून त्याच्याजवळ आला होता. उकिडवा बसला, बांबू उचलून बाजूला ठेवला, आणि भाईच्या तोंडावरून हात फिरवून डोळ्यांतलं औषध निपटलं. भाईला भरून आलं, आणि त्याच क्षणी कळलं. ये म्हणून याला कोणी सांगितलं नव्हतं. बांबू काढ म्हणून सांगितलं नव्हतं. हा आपणहून आलाय. म्हणजे त्या शिरोडकरणीनं... कधीपासून? तिठ्यावरच्या दुकानापासून? त्या कातळावरच्या दुपारपासून? जितूच्या चेहऱ्यावर काही तरी हळूहळू वर येत होतं, विहिरीतून कळशी येते तसं, आणि भाईला ते ओळखता येईना.

"भाई," जितू म्हणाला. आवाज घोगरा होता, वापरात नसलेला. "तुका काय व्हया?"

भाईचे ओठ हलले. फेस आला.

"सांग मां."

त्यानं थांबून वाट बघितली. खरंच बघितली, चेष्टा नव्हती त्यात. जितका वेळ त्याला रोज त्या प्रश्नाशी लागे तितका वेळ त्यानं भाईला दिला. खाली दूर रस्त्यावरून एसटी गेली. भाईनं एक बोट उचलून गाडीकडे दाखवायचा प्रयत्न केला. बोट जमिनीवरच वळवळलं.

जितू उठला. बांबू त्यानं होता तसा परत ठेवला, हनुवटीशी, नीट, घसरू नये म्हणून खाली एक चिरा लावून. मग तो पंपाकडे चालत गेला. पाय अजून पूर्ण बरे नव्हते, थोडा लंगडत गेला.

"थांब," भाई म्हणाला. यावेळी शब्द कसा कोण जाणे, स्वच्छ आला. "जितू... थांब."

जितूनं दांड्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे वळून बघितलं. रसिका ज्या वाक्यासाठी इतके महिने रोज पेज कालवत होती, ते त्याच्या तोंडून अखेर बाहेर पडलं, आणि ऐकायला तिथं ती नव्हती.

"माका थांबूचा नाय," तो म्हणाला, आणि दांडा मारायला लागला.